कुशाबाईंची वाक्यं

मी लिहिलेली एकांकिका कोणी रंगमंचावर आणील असं मला कधी वाटलं नव्हतं. बारामतीच्या कॉलेजातल्या मुलांनी ती आणली, असंही आता खात्रीनं म्हणवत नाही. शेवटी लोकांसमोर जे आलं त्यात माझं किती होतं, याबद्दल मलाच शंका आहे. पण ज्यांचं होतं त्यांचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही, म्हणून जमेल तसं लिहून ठेवतो.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुपारी जुन्या वाचनकक्षात जाऊन बसायची सवय सुटली नाही. मला कोणी या म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत नाट्यमंडळाला तालमीला जागा मिळेना, तेव्हा मुलांना हा कक्ष दिला गेला आणि कक्षाबरोबर मीही मिळालो. मंडळाचा दिग्दर्शक संदेश हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, भर उन्हातही गळ्यात मफलर घालणारा. त्याला इंदापूरच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं होतं आणि संहिता आधी कुठं न झालेली हवी, अशी अट होती. त्यानं सहज विचारलं, सर, एवढं वाचलंत, कधी लिहिलं नाही का? नाही म्हणायला मला उशीर झाला.

माझ्या एकांकिकेत जुन्या युद्धाच्या काळातलं एक खेडं होतं. दिवे मालवायचा हुकूम निघालेला असतो. एका म्हातारीचा मुलगा आघाडीवर आहे आणि ती दार उघडं टाकून, दिवा लावून उंबऱ्यावर बसते. तलाठी तिला समजवायला येतो. दोघं बोलत राहतात, एवढंच. तलाठी खुद्द संदेश करणार होता. म्हातारी करायला कोणी तयार होईना, कारण केस पांढरे करायचे होते. ती भूमिका राजेश्वरीकडं गेली.

राजेश्वरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. सणसरच्या सर्जेरावांची मुलगी; घरी ऊस, दोन म्हशी, एक जीप. रोज एसटीनं यायची. तिनं पहिलं पान मोठ्यानं वाचलं, थांबली, आणि मला विचारलं, "सर, ही बाई कुठल्या गावची?"

मी म्हणालो, कुठल्याही.

"आमच्या सणसरात ही असं बोलली असती तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण ती म्हणाली ते खरं होतं. माझी म्हातारी 'अंधाराला उत्तर अंधारानं द्यायचं नसतं' असली वाक्यं बोलायची, तीही शेणानं सारवलेल्या उंबऱ्यावर बसून. राजेश्वरीनं परवानगी मागून ती बदलायला सुरुवात केली आणि नंतर परवानगी मागणं सोडून दिलं. ती बारामतीच्या स्टँडवर बसून म्हाताऱ्या बघायची. त्या उठण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ नुसत्या बसतात, जणू गुडघ्याला विचारतात, हे तिनं हेरलं. मग एसटीतही ती तशीच बसायला लागली. एकदा कंडक्टर तिला 'आज्जी, पुढं सरका' म्हणाला आणि तोंड बघून स्वतःच खजील झाला. त्या दिवशी तिनं सगळ्या मंडळाला वडापाव दिला.

माझ्याकडं प्रॉम्प्टरचं काम आलं. आडोशाला उभं राहून, कोणी वाक्य विसरलं तर हळूच पुढचं सांगायचं. माझा आवाज आयुष्यभर वाचनकक्षात वापरलेला. मी सांगितलेलं एकही वाक्य कधी कोणाला ऐकू गेलं नाही. संदेश म्हणायचा, सर उभे आहेत हाच मोठा आधार आहे.

राजेश्वरीला पदवीनंतर पुण्याला जाऊन नाटकाचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं. पण सर्जेरावांनी सांगून ठेवलं होतं की कॉलेज आहे तोवर नाटक, परीक्षा झाली की लग्न, आणि लग्नानंतर तोंडाला रंग नाही. सर्जेराव वाईट माणूस नव्हे. मिशा मोठ्या, आवाज मोठा, मुलीवर जीव. आपण सांगतो ते तिच्या भल्याचं आहे, याबद्दल त्यांच्या मनात एवढीशीही शंका नव्हती, आणि अशा माणसाशी कसं बोलावं हे मला कधीच कळलेलं नाही. तरी राजेश्वरीनं मलाच गळ घातली. वडील शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात म्हणाली.

मी सणसरला गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. सर्जेरावांनी चहा दिला, ऊस दाखवला, नवं ठिबक दाखवलं, पुन्हा चहा दिला. मग म्हणाले की कळंबचं एक स्थळ आलंय. मुलगा फौजेत आहे, युवराज नाव, दोन महिन्यांच्या रजेवर आलाय. आई लहानपणीच गेली, वडील कारखान्यात कामाला, घरात आज्जीचं राज्य. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय वाटतं?

दुसऱ्या दिवशी तालमीआधी राजेश्वरी माझी वाटच बघत होती.

"बोललात का सर?"

"बोललो."

"काय बोललात?"

"चांगलं आहे म्हणालो."

"काय चांगलं आहे?"

मला स्थळाचं सांगावं लागलं. शिवाय रविवारी बघायला येणार आहेत आणि मुलीकडचा वडीलधारा म्हणून मला बोलावलंय, हेही सांगावं लागलं. ती संहिता उघडून आपली वाक्यं वाचायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तोडगा संदेशनं काढला. नाटकवाल्यांना असलेच तोडगे सुचतात. म्हणाला, पाहुण्यांसमोर राजेश्वरी म्हणून जाऊच नकोस. एकांकिकेतली म्हातारी होऊन जा. तिरकं बोल, वाकून चाल, प्रत्येक प्रश्नाला टोला दे. अशी खडूस मुलगी कोण पत्करील? येतील तसे परत जातील. राजेश्वरीला ते पटलं. मला पटलं नाही, पण मी ते मनातल्या मनात म्हणालो.

रविवारी सर्जेरावांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. कळंबहून तिघं आले. युवराज ताठ पाठीनं खुर्चीच्या कडेवर बसला. त्याचे वडील भिंतीला टेकून बसले आणि जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मध्यभागी कुशाबाई. वय पंचाहत्तरच्या पुढं, अंग चिमणीएवढं, आणि नजर अशी की मी आपोआप सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

राजेश्वरी पोह्यांचा ट्रे घेऊन आली ती कमरेत वाकून. ट्रे ठेवला, गुडघ्यावर हात ठेवून थांबली, मग हळूहळू बसली. तिची आई दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला. पोरीला अचानक काय झालं हे त्या माऊलीला कळेना.

"नाव काय गं तुझं?" कुशाबाईंनी विचारलं.

"राजेश्वरी. पण इचारून काय करताय, लग्न झाल्यावं तुमी बदलणारच की."

कुशाबाई शांतपणे म्हणाल्या, "न्हाय बदलत. आमच्यात नवं नाव कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

"सैपाक येतो का?" त्यांनीच पुढं विचारलं.

"येतो. पण खाणाऱ्यानं तोंड मिटून खायचं."

"मग गिळायचं कशानं?"

राजेश्वरी क्षणभर अडली. माझ्या संहितेत तलाठी असं काही विचारत नव्हता. मग तिनं एकांकिकेतलं तिचं हुकमी वाक्य काढलं. ते तिनंच रचलेलं होतं. "हे बघा पाव्हणं, बसायचं असंल तर गप बसा. बोलायचं असंल तर उभं राहून बोला, म्हंजी लवकर आटपतं."

कुशाबाई पुढं सरकल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आधी ओळखलंच नाही. तो आनंद होता.

"गुडघं धरत्यात माझं," त्या म्हणाल्या. "मी बसूनच बोलणार, आन् आटपणार बी न्हाय."

त्या खरंच आटपल्या नाहीत. पोहे गार झाले. दोघी म्हशीच्या दुधावरून भांडल्या, चुलीवरची भाकरी की गॅसवरची यावर भांडल्या. शेवटी कुशाबाई सर्जेरावांकडं वळून म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. धा ठिकाणी बघितल्या. समद्या मान खाली घालून व्हय आज्जी, न्हाय आज्जी. मी काय भिताडाशी बोलू का घरात?"

सर्जेरावांना आपल्या संस्कारांचा विजय झाल्यासारखं वाटलं. त्यांनी मला पेढा भरवला.

मुला-मुलीला चार शब्द बोलायला गोठ्याकडं पाठवलं होतं. तिथलं राजेश्वरीनं मला नंतर सांगितलं. तिनं युवराजला सगळं खरं सांगून टाकलं. ते सोंग होतं, मला नाटक शिकायचंय. तो हसायला लागला. त्याच्या पलटणीत बड्या खान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मेजवानीला, जवान छोट्या नाटुकल्या करतात, आणि अंगानं किरकोळ असल्यामुळं बाईचं काम हमखास त्याच्याकडं येतं. तुझं बसणं छान होतं म्हणाला, पण उठताना घाई केलीस. नाटक शिकायला त्याची हरकत नव्हती. "पण घरात आज्जीचं चालतं. तिला तूच सांग. मी सांगितलं तर ती म्हणंल, पोरीनं आत्ताच फितवलं."

राजेश्वरीला तो आवडला. त्यामुळं सगळंच अवघड होऊन बसलं. सर्जेरावांनी आता सरळ कळंबकडं बोट दाखवलं होतं. म्हणाले, तू आता त्यांची, कुशाबाई हो म्हणाल्या तर जा पुण्याला. म्हणजे प्रश्न एकच उरला, कुशाबाई हो म्हणतील का. आणि तो विचारायचा तर आधी सांगायला हवं, की तुम्ही पसंत केलेली मुलगी ती मी नव्हेच. साखरपुडा मे महिन्यात, परीक्षेनंतर ठरला. तोवर केव्हातरी सांगू, असं ती रोज ठरवायची.

पण कुशाबाईंचा फोन यायचा. रोज, भर तालमीत, संध्याकाळच्या चहाच्या वेळी. त्यांना भांडायला ती म्हातारीच हवी असायची. राजेश्वरी फोन कानाला लावायची, पाठ वाकवायची, आवाज खरवडायची आणि सुरू व्हायची. पाठ कशाला वाकवतेस, त्यांना कुठं दिसतंय, असं संदेशनं विचारलं, तर म्हणाली, सरळ पाठीनं तो आवाज येत नाही. एकदा ती स्पीकर लावून बोलत होती, आम्ही ऐकत होतो. विषय होता रात्री दाराला कडी लावावी की नाही. कुशाबाई म्हणाल्या, "चोर आला तर येऊ दे. त्यालाच म्हणीन, बस, एवढी डाळ निवडून दे."

संदेशनं मफलर सोडला. पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य एकांकिकेत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी तीन. मी भीत भीत म्हणालो की माझं अंधाराचं वाक्य तेवढं राहू द्या. संदेश म्हणाला, सर, ते छापताना घेऊ. हळूहळू माझी वाक्यं कमी होत गेली आणि कुशाबाईंची वाढत गेली. गंमत म्हणजे एकांकिका चांगली होत चालली होती. मी घरी जाऊन मूळ संहिता वाचायचो आणि माझी बाजू घ्यायला काही सापडतं का बघायचो.

एप्रिलमध्ये काश्मीरातल्या पर्यटकांवरच्या हल्ल्याची बातमी आली. त्यानंतर चहाच्या टपरीवर, एसटीत, भाजीबाजारात एकच बोलणं सुरू झालं, की आता लढाई लागणार. तालमीत 'आघाडीवर' हा शब्द आला की मुलं एकमेकांकडं बघायची नाहीत. त्याच आठवड्यात युवराजची रजा रद्द झाली. तो बारामतीहून दौंडच्या गाडीनं निघाला. सर्जेराव राजेश्वरीला घेऊन स्टेशनवर गेले होते. कुशाबाई रडल्या नाहीत. नातवाच्या पिशवीत लाडूचा डबा वर ठेवायचा की खाली, यावरून त्याच्याशी वाद घालत राहिल्या. गाडी सुटताना युवराज राजेश्वरीला हळूच म्हणाला, "आता तरी सांग तिला." आणि परत फिरताना कुशाबाई तिला म्हणाल्या, "उद्या फोन करीन. तयार ऱ्हा."

राजेश्वरी मला म्हणाली, "सर, आता कसं सांगू? नातू गेला, आणि मी सांगू की तुमची म्हातारी पण खोटी?"

शेवटी तिनंच मार्ग काढला. ती म्हणाली, इंदापूरची स्पर्धा झाली की कळंबला जाऊन सांगते. निदान प्रयोग तरी धड होऊ दे.

स्पर्धा त्याच शनिवारी होती, इंदापुरात एका शाळेच्या सभागृहात. आमचा प्रयोग दुपारचा. मी आडोशातून प्रेक्षकांत डोकावलो. पहिल्या रांगेत सर्जेराव पांढरे कपडे घालून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी कुशाबाई. होणाऱ्या नातसुनेच्या कॉलेजचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर सर्जेराव त्यांना जीपमधून घेऊन आले होते. आपण मोठी चांगली गोष्ट करतोय, असं त्यांना वाटत होतं. मी राजेश्वरीला सांगायला वळलो, पण तिचे केस पांढरे झाले होते, पडदा वर जात होता, आणि माझा आवाज तर सांगितलाच आहे.

सुरुवातीला धोक्याचा भोंगा वाजतो. संदेशनं तो साखर कारखान्याचा रेकॉर्ड करून आणला होता. तो वाजताच मागच्या रांगेतले काही जण पाळी बदलली असं समजून उठले आणि चपला शोधू लागले. त्यांना बसवण्यात थोडा वेळ गेला. मग दिवा दिसला, उंबरा दिसला, आणि उंबऱ्यावर राजेश्वरी. तलाठी आला. तिनं त्याला आपादमस्तक बघितलं.

"बसायचं असंल तर गप बसा. बोलायचं असंल तर उभं राहून बोला, म्हंजी लवकर आटपतं."

पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "गुडघं धरत्यात म्हणून सांगितलं न्हवं तुला?"

सभागृह हसलं. लोकांना तो नाटकातलाच भाग वाटला. संदेश रंगमंचावर दगडासारखा उभा. राजेश्वरीनं आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि तिला कळलं. मला वाटलं आता ती सरळ उभी राहणार आणि आत पळणार. ती हलली नाही. पाठ तशीच वाकलेली ठेवून म्हणाली, "तुमाला न्हाय, ह्याला म्हणतीय. तुमी बसा."

"बसलेलीच हाय," कुशाबाई म्हणाल्या.

प्रयोग पुढं सरकला. तलाठी म्हणाला, दार तरी लाव, चोर येतील. आणि राजेश्वरीला चोराचं आणि डाळीचं वाक्य बोलणं भाग होतं. ती बोलली. हसू ओसरायच्या आत कुशाबाई उभ्या राहिल्या.

"हे माझं हाय," त्या म्हणाल्या. "हे मी फोनवं बोलले हुते." त्या सर्जेरावांकडं वळल्या. "ही तिचं बोलणं न्हाय बोलत. माझंच घिऊन मला इकतीय. आन् ते बसायचं-उठायचं बी ह्यातलंच दिसतंय. म्हंजी तवा तुमच्या ओसरीवं बी नाटकच चाललं हुतं का वो, सर्जेराव?"

सर्जेरावांची मिशी पहिल्यांदाच मला लहान वाटली. परीक्षक एकमेकांच्या कानाला लागले. संयोजकांपैकी एक जण कुशाबाईंकडं येऊ लागला, पण त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो वाटेतच एका रिकाम्या खुर्चीवर बसला. कुशाबाईही बसल्या. हात घट्ट बांधून, तोंड मिटून.

यापुढं तलाठ्याचं शेवटचं बोलणं होतं. संदेशनं ते रेटून नेलं. म्हातारे, तुझा मुलगा आज येणार नाही. उद्याही नाही. दिवा मालव आणि झोप. यावर राजेश्वरीचं वाक्य होतं, 'तो येणार न्हाय ते मला बी ठावं हाय. पण दार माझं हाय.' तिनं पहिला अर्धा भाग उच्चारला. मग ती कुशाबाईंकडं बघत राहिली, आणि दुसरा अर्धा आलाच नाही.

मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. मी ओरडलो असं मला अजूनही वाटतं, पण शेजारी उभ्या असलेल्या पडदा ओढणाऱ्यानंही मान वळवली नाही.

कुशाबाईंनी हात सोडले.

"ठावं हाय तर ठावं हाय," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता. "दार कुणाचं हाय? तुझं हाय न्हवं? मग ठिव उघडं. कुणाच्या बापाचं काय जातंय."

"दार माझं हाय," राजेश्वरी म्हणाली. तिनं गुडघ्यावर हात ठेवला, थांबली, अजिबात घाई न करता उठली आणि दिव्यात तेल घातलं. पडदा पडायला हवा होता. पडदा ओढणारा डोळे पुसत होता. मी दोरी ओढली. त्या प्रयोगातलं माझं एवढं एकच काम नीट झालं.

बक्षीस मिळालं नाही. बाहेरच्या व्यक्तीनं प्रयोगात भाग घेतल्यामुळं एकांकिका स्पर्धेतून बाद झाली. एक परीक्षक मला म्हणाले की पहिल्या रांगेतल्या बाईंची निवड उत्तम होती, पण नियमांत बसत नाही. मी मान हलवली.

मागच्या खोलीत राजेश्वरी पांढऱ्या केसांनी तशीच बसली होती. कुशाबाई आत आल्या. मागून सर्जेराव, टोपी हातात.

"उठ," कुशाबाई म्हणाल्या. "सरळ उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. कुशाबाईंपेक्षा हातभर उंच निघाली.

"आता तुझं तू बोल."

राजेश्वरी तिच्या आवाजात बोलली. म्हणाली, आज्जी, मला चुलीवरची भाकरी येत नाही. म्हशीची धार काढता येत नाही. भांडायला तर अजिबात येत नाही, घरात मी कधी मोठ्यानं बोललेली नाही, आईला विचारा. तुम्ही मला नको म्हणावं म्हणून मी सोंग केलं. मला पुण्याला जाऊन नाटक शिकायचंय. युवराजना पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, कारण तुमचा फोन आला की मला बरं वाटायचं.

सर्जेराव खालच्या मानेनं म्हणाले, "मावशी, चूक झाली पोरीची. तुमी म्हणाल तसं. सोयरीक मोडायची तर मोडा. पण नाटक आजपास्नं बंद, हा माझा शब्द."

कुशाबाई राजेश्वरीच्या केसांना हात लावून बघत होत्या. बोटांना पांढरी पावडर लागली. ती त्यांनी लुगड्याला पुसली.

"लगीन बिगीन पोरगं आल्यावं बघू," त्या म्हणाल्या. "ती दोघं ठरवतील. पण सर्जेराव, नाटक बंद करू नगा."

"मावशी, तुमाला फसवलं हिनं."

"फसवलं की. महिनाभर फसवलं, एक बी दिस चुकली न्हाय." त्या टेकायला जागा शोधून माझ्या खुर्चीवर बसल्या. "घरात ल्योक हाय, तो बोलत न्हाय. नातू बोलायचा, तो गेला. ही रंग पुसून बसली तर मी भांडू कुणाशी, तुमच्या म्हशीशी? पुण्याला शिकू द्या तिला. चांगलं शिकू द्या. हिच्या म्हातारीला अजून राग धरता येत न्हाय, पटकन इरघळती." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमी लिवलंय का हे, मास्तर?"

मी म्हणालो, थोडंसं.

"चोराला डाळ निवडाय लावलीय, तर कुठली डाळ ते बी लिवा. तुरीची. मुगाच्या डाळीत निवडाय काय असतं?"

मी तिथंच लिहून घेतलं.

परतताना जीपमध्ये पुढं मी आणि सर्जेराव, मागं त्या दोघी. संदेश आणि मंडळी सामान घेऊन टेम्पोनं गेली होती. ऊन उतरलं होतं. मागं वाद सुरू होता, की सीमेवर भाकरी मिळते की नुसती पोळी. राजेश्वरी आता पाठ न वाकवता भांडत होती आणि हरत होती.

निमगाव मागं पडल्यावर सर्जेरावांनी मला विचारलं, "सर, ते पुण्याचं शिक्षण किती वर्षांचं असतं?"

मी म्हणालो, दोन.

"तितं मुलींची ऱ्हायची सोय?"

"असते."

त्यांनी पुढचा ट्रॅक्टर ओलांडला. मग म्हणाले, "आन् ही लढाई लागलीच, तर किती दिस चालंल वो?"

मला पुस्तकांतल्या लढायांच्या तारखा पाठ आहेत. ते मला माहीत नव्हतं.

कळंबच्या फाट्याजवळ कुशाबाईंचा फोन वाजला. युवराज होता. आवाज तुटत होता, तेव्हा सर्जेरावांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कुशाबाईंनी फोन तोंडासमोर धरला. पोचलास का, जेवलास का, लाडू वाटून टाकलेस ना सगळे, असं त्यांचं चाललं होतं. पलीकडून त्यानं काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्या राजेश्वरीकडं बघत म्हणाल्या, "व्हय, सांगितलं तिनं. लई उशिरा सांगितलं." पुन्हा काही वेळ ऐकत राहिल्या.

"माझी काळजी करू नगंस," त्या म्हणाल्या. "हिकडं आमी दोघी हाय. तू तिकडचं बघ."